पहाटे साडेचारचा बेसबॉल : सहा मोसमांच्या वर्गणीनंतर

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सामने थेट दाखवणाऱ्या एका सशुल्क ऑनलाइन सेवेची मी २०२० पासून वर्गणीदार आहे आणि मार्चअखेर नवा मोसम सुरू होण्यापूर्वी सातव्यांदा पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न यंदा पहिल्यांदाच माझ्यासमोर गंभीरपणे उभा राहिला आहे. सेवा बिघडलेली नाही. ती सहा वर्षांत सुधारलीच आहे. माझी तक्रार त्या सेवेतून घरी येणाऱ्या खेळाबद्दल आहे, विशेषतः पिचर (बॅटरकडे बॉल टाकणारा खेळाडू) आणि संघाचे व्यवस्थापन यांच्यात आज जे नाते उरले आहे त्याबद्दल. परंतु पैसे मोजणाऱ्याला सेवा आणि खेळ एकाच पडद्यावर मिळतात, त्यामुळे परीक्षणही दोहोंचे एकत्रच करावे लागेल.

आधी सेवेविषयी. गेल्या मोसमात कार्डावरून १३,००० रुपयांच्या आसपास रक्कम गेली. पहिल्या वर्षी बँकेतून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावे लागले, त्यात दोन दिवस गेले. एकदा पैसे पोहोचले की मात्र नागपूरच्या साध्या फायबर जोडणीवरही चित्र स्वच्छ येते. प्रत्येक पिचचा (पिचरने टाकलेल्या बॉलचा) वेग, तिचा प्रकार आणि ती स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या वैध टप्प्याच्या) चौकटीत नेमकी कुठे पडली हे लगेच दिसते, आणि झालेला सामना नंतर पूर्ण किंवा संक्षिप्त स्वरूपात पाहता येतो. उणिवा दोन. निकाल लपवण्याची सोय आहे, पण सामन्याच्या चित्रफितीची लांबी दिसतच राहते, त्यामुळे चार तासांची चित्रफीत पाहिली की सामना बरोबरीत राहून जादा इनिंगमध्ये (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी म्हणजे एक इनिंग; नेहमीच्या नऊ) गेला हे आपोआप कळते. दुसरी उणीव मोठी आहे. अमेरिकेत ज्या वेळी जाहिराती लागतात, त्या वेळी आपल्याकडे एक निश्चल पाटी आणि तेच ते संगीत सुरू राहते. एका सामन्यात आठ-नऊ पिचर बदलले गेले, तर ती पाटी किती वेळा पाहावी लागते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

वेळेचे गणित असे आहे. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला लागतो, तर लॉस एंजेलिस किंवा सिॲटलचा सामना सकाळी साडेसातच्या पुढे. मे महिन्यात नागपूरचा पारा दिवसा ४५ अंशांकडे सरकत असतो, तेव्हा पहाटेचे हे तास घरातला सगळ्यात सुखाचा काळ असतात. कूलर कमीवर ठेवून, घरच्यांची झोप मोडणार नाही इतका आवाज ठेवून मी सामना लावते. २०२३ मध्ये पिच क्लॉक आले आणि दोन पिचच्या मधल्या वेळेला मर्यादा पडली, हा बदल माझ्यासारख्या नोकरदार प्रेक्षकासाठी वरदानच ठरला. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी ३ तास १० मिनिटे लागत होती, ती २०२३ मध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. पूर्वी निकाल लागण्याआधीच ऑफिसची तयारी सुरू करावी लागे. आता सात-सव्वासातला सामना संपलेला असतो.

मग अडचण कुठे आहे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी शाळेपासून विद्यापीठापर्यंत सॉफ्टबॉल खेळले आणि जवळजवळ सगळी वर्षे कॅचर (बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल झेलणारी) म्हणून खेळले. पिचर दमली की तिच्या चेहऱ्यावर ते दिसण्याआधी कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) कळते. जो बॉल खिशात बसून खणखणीत वाजत होता तो तळव्याच्या कडेला बसू लागतो, गुडघ्याजवळ मागितलेला बॉल मांडीपाशी येतो, आणि मी दिलेल्या खुणेला मान हलवायला तिला अर्धा क्षण जास्त लागतो. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये आमच्याविरुद्ध दोन बेस भरले होते आणि एकच आउट झाला होता. सर मैदानात आले. पिचरकडे न पाहता त्यांनी मला विचारले, ‘कसा येतोय गं बॉल?’ मी म्हणाले, ‘जड येतोय सर, अजून खालीच बसतोय.’ ‘मग टाकू दे तिला,’ एवढे बोलून ते परत फिरले. तो सामना आम्ही हरलो. तरीही सरांचा निर्णय चुकला असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही, कारण तो त्या घटकेला मैदानात काय चालले आहे हे विचारून घेतलेला निर्णय होता.

आजच्या मेजर लीगमध्ये मला हेच सापडत नाही. पिचर कधी बदलायचा हे सामना सुरू होण्याआधीच बऱ्याच अंशी ठरलेले असते आणि मैदानात घडणाऱ्या गोष्टींना त्या ठरावात फारसे स्थान नसते, अशी माझी सहा मोसमांनंतरची खात्री झाली आहे.

वर्गणी घेतलेल्या पहिल्याच वर्षी हे लख्ख दिसले. २८ ऑक्टोबर २०२०, आपल्याकडची सकाळ. दसरा होऊन तीन दिवस झाले होते, कोविडमुळे ऑफिस घरीच आलेले होते, आणि टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या मैदानात वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना सुरू होता. टॅम्पा बे रेज मालिकेत २-३ असे मागे होते, परंतु या सामन्यात रँडी अरोझारेनाच्या होमरनमुळे १-० असे पुढे होते, आणि त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल असा काही टाकत होता की मी सोफ्यावरून उठून पडद्याजवळ जमिनीवर येऊन बसले होते. लॉस एंजेलिस डॉजर्सचे पहिले तीन बॅटर मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले. एकूण ९ स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारून पहिला बेस गाठला. स्नेलविरुद्धचा तो अवघा दुसरा हिट होता. स्नेलच्या ७३ पिच झाल्या होत्या. मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर पडले आणि स्नेलकडून बॉल घेतला. माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) त्यांच्याकडे पाहणाऱ्या स्नेलचा चेहरा कॅमेऱ्याने जवळून दाखवला, आणि मग आपल्या पडद्यावर ती निश्चल पाटी आली.

पाटी हटली तेव्हा निक अँडरसन माउंडवर होता. बेट्सने त्याला डबल मारला, कॅचरच्या हाती न आलेल्या वाइल्ड पिचवर बार्न्सने होम प्लेट गाठून रन केला आणि सीगरच्या ग्राउंडरवर बेट्सही आला. १-० ची आघाडी काही पिचमध्ये गेली. आठव्या इनिंगमध्ये बेट्सने होमरन मारला, सामना ३-१ असा संपला आणि डॉजर्सनी १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. बेट्स आणि सीगर यांनी स्नेलला तिसऱ्यांदा पाहावे अशी आपली इच्छा नव्हती, असे कारण कॅश यांनी नंतर दिले.

या कारणामागचे तर्कशास्त्र समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे बरोबर होणार नाही. बेसबॉलमध्ये नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाणाऱ्या बॅटरांची कामगिरी सुधारते, हे अनेक वर्षांच्या आकडेवारीतून दिसलेले आहे. त्यांनी त्याचा बॉल कसा वळतो हे पाहिलेले असते आणि त्याचा हातही तोवर थकलेला असतो. शिवाय बुलपेनमधून (राखीव पिचर तयारी करतात त्या जागेतून) येणारा ताजा पिचर एकाच इनिंगसाठी सर्व ताकद लावू शकतो. उलट बाजूचा धडाही मॅनेजरांच्या स्मरणात आहे. १६ ऑक्टोबर २००३ रोजी बोस्टन रेड सॉक्सचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी आठव्या इनिंगमध्ये ५-२ अशी आघाडी असताना थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला माउंडवर ठेवले, न्यूयॉर्क यँकीजनी बरोबरी साधली, अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होमरनने सामना गेला आणि लिटल यांची नोकरीही गेली. म्हणजे आकडेवारीत तथ्य आहे, हे मी मान्य करते. पण मार्टिनेझ त्या रात्री दमलेला दिसत होता आणि स्नेल त्या सकाळी दमलेला दिसत नव्हता. सरासरी दोघांसाठी एकच असते. त्या दिवशीचा हात कोणाचा कसा आहे हे तिच्यात कुठे येणार?

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. २०२४-२५ च्या रणजी मोसमात आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका मोसमातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला आणि विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. कर्णधाराने त्याच्या हातून चेंडू काढून घेतला, तरी तासाभराने तो पुन्हा गोलंदाजीला येऊ शकतो. बेसबॉलमध्ये काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे मॅनेजर बॉल मागतो तेव्हा त्या पिचरचा त्या दिवशीचा खेळ तिथेच संपतो, आणि बॅटर व पिचर यांच्यात पहाटेपासून रंगत आलेला झगडाही अर्धवट तुटतो.

मी पहाटे उठते ती याच झगड्यासाठी. पहिल्यांदा समोर आलेल्या बॅटरला पिचरने आतल्या बाजूच्या वेगवान बॉलने बाद केलेले असते, दुसऱ्यांदा बॅटर त्याचीच वाट पाहत असतो म्हणून पिचर बाहेर वळणारा स्लायडर देतो, आणि तिसऱ्यांदा तो काय देईल हा सातव्या इनिंगमधला प्रश्न असतो. या तिसऱ्या भेटीत दोघांचीही बुद्धी पणाला लागते. कॅचरसाठी तर हा सामन्यातला सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाचा भाग आहे. आजचे व्यवस्थापन नेमका हाच भाग कापून टाकते.

हे एखाद्या संघापुरते राहिलेले नाही. १९७५ मध्ये कॅटफिश हंटरने एका मोसमात ३० सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते. २०२४ च्या मोसमात तीसही संघांच्या सर्व पिचरांचे मिळून असे २८ सामने झाले. एक माणूस ३०, संपूर्ण लीग २८. जुना काळ सोडून द्या; रेजच्याच जेम्स शील्ड्सने २०११ मध्ये ११ सामने पूर्ण टाकले होते, आणि त्याच रेजनी मे २०१८ मध्ये सर्जिओ रोमो या रिलीफ पिचरला (एरवी मधून बदली म्हणून येणाऱ्या पिचरला) पहिल्या इनिंगपुरता माउंडवर आणून ‘ओपनर’ची प्रथा सुरू केली. मधली वर्षे फक्त सात.

याची किंमत पिचरच्या हाताला मोजावी लागते, हा माझा दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप आहे. पाचच इनिंग टाकायच्या आहेत हे आधीच ठाऊक असलेला पिचर प्रत्येक बॉल पूर्ण जोराने टाकतो. ताकद राखून ठेवण्याची, सातव्या इनिंगसाठी एखादी पिच दडवून ठेवण्याची त्याला गरजच उरत नाही. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैल झाला. पिचरांच्या वाढत्या दुखापतींबाबत मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात वेगाचा हव्यास, बॉल अधिकाधिक वळवण्याची धडपड आणि प्रत्येक पिच सर्वशक्तीनिशी टाकण्याची सवय या कारणांवर बोट ठेवले. कोपराच्या ज्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि जी त्याच्याच नावाने ओळखली जाते, ती आता कोवळ्या वयातील मुलांवरही करावी लागते. पिचरला जपण्यासाठी त्याला लवकर काढले जाते, असे आपल्याला सांगतात. मग इतके जपूनही कोपर का फाटतात? पिचरला लवकर काढणे आणि प्रत्येक बॉल जिवाच्या आकांताने टाकायला लावणे ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत, हे मान्य केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

प्रत्येक वेळी मॅनेजर चुकतो असे माझे म्हणणे नाही. १३ एप्रिल २०२२ रोजी मिनेसोटात डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी क्लेटन कर्शॉला सात इनिंगनंतर थांबवले, तेव्हा त्याने एकाही बॅटरला बेसवर जाऊ दिलेले नव्हते आणि १३ स्ट्राइकआउट घेतलेले होते. परफेक्ट गेम, म्हणजे संपूर्ण सामन्यात एकालाही बेसवर न जाऊ देणे, सहा आउटवर आला होता. अनेक प्रेक्षक संतापले. मला तो निर्णय पटला, कारण थंडी होती, मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे सराव कमी झाला होता, आदल्या मोसमाच्या शेवटी कर्शॉचा हात दुखावलेला होता आणि त्याला स्वतःलाही ते मान्य होते. तिथे माणूस पाहून निर्णय झाला. याउलट ऑक्टोबर २०२३ मध्ये टोरांटो ब्लू जेजनी मिनेसोटाविरुद्ध बाद होण्याच्या सामन्यात होसे बेरिओसला अवघ्या ४७ पिचनंतर, एकही रन गेलेला नसताना, चौथ्या इनिंगमध्ये काढले, कारण त्यानंतर डावखुरा युसेई किकुची आणायचे आधीच योजलेले होते. ब्लू जेज २-० असे हरले आणि मोसमातून बाहेर पडले. तो सामना मी पूर्ण पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस ती वर्गणी मला जड वाटत राहिली.

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची सकाळही विसरता येत नाही. २१ ऑक्टोबरला घरात झेंडूची तोरणे बांधायची राहिली होती आणि मी अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना पाहत होते. सिॲटल मरिनर्स आजवर वर्ल्ड सिरीजला पोहोचलेले नाहीत, तीस संघांमध्ये असे ते एकटेच, आणि त्या सकाळी सातव्या इनिंगपर्यंत ते ३-१ असे पुढे होते. दोन टोरांटोकर बेसवर, एक आउट, समोर जॉर्ज स्प्रिंगर. सामना याच बॅटरवर ठरणार हे माझ्यासारखीला नागपुरात बसून दिसत होते. संघाचा सर्वांत भरवशाचा रिलीफ पिचर अँड्रेस मुन्योझ बुलपेनमध्ये होता, पण त्याची जागा शेवटच्या इनिंगमध्ये असा रिवाज, म्हणून एडुआर्ड बझार्डोला आणले गेले. स्प्रिंगरने तीन रनचा होमरन मारला आणि मरिनर्स ४-३ असे हरले. इथे पिचर लवकर काढल्याचे दुःख नव्हते. गरज होती त्या क्षणी योग्य पिचर आणला नाही, याचे होते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ठरलेल्या आखणीने मैदानातल्या प्रसंगावर मात केली.

त्यानंतर पाचच दिवसांनी, रविवारी २६ ऑक्टोबरला, वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोने १०५ पिचमध्ये संपूर्ण सामना टाकला आणि शेवटचे २० बॅटर ओळीने बाद केले. वर्ल्ड सिरीजमध्ये २०१५ नंतर कोणीही पूर्ण सामना टाकलेला नव्हता. सहाव्या इनिंगपर्यंत टोरांटोचा केव्हिन गॉसमनही तितकाच देखणा टाकत होता. त्याने ओळीने १७ बॅटर बाद केले होते आणि सामना १-१ असा अडलेला होता. दोघेही आपापल्या बॅटरांना तिसऱ्यांदा भेटले. एक टिकला, दुसऱ्याला सातव्या इनिंगमध्ये विल स्मिथने होमरन मारला. मी त्या सकाळी जागची हलले नाही. ती निश्चल पाटी फक्त दोन इनिंगच्या मधल्या वेळात येत होती आणि तेवढ्यात मला चहा टाकता येत होता. पुढे सहावा सामना जिंकणारा यामामोटो दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यातही माउंडवर आला, पावणेतीन इनिंगच्या जवळपास टाकून त्याने अकराव्या इनिंगमध्ये विजेतेपद मिळवून दिले. हातांना जपण्याच्या दृष्टीने तो अपवादच राहावा, असे मला वाटते. पण दुसऱ्या सामन्यात त्याला नवव्या इनिंगपर्यंत ठेवण्यात कसलाही धोका नव्हता. त्याचा बॉल शेवटपर्यंत खाली बसत होता, हे पडद्यावरच्या चौकटीतही दिसत होते.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण त्या पाटीसाठी आणि चित्रफितीच्या लांबीसाठी. तिच्यातून मिळणाऱ्या खेळाला मात्र, एप्रिल ते सप्टेंबरच्या नेहमीच्या सामन्यांच्या आधारे, अडीचपेक्षा अधिक देववत नाहीत. नागपुरातून नव्याने पाहू इच्छिणाऱ्यांनी थेट वर्षाचा पास घेऊ नये. मासिक वर्गणीची सोय आहे. आधी एक महिना ती घ्यावी, पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे सामने निवडावेत आणि सामना लावण्यापूर्वी सुरुवातीचा पिचर कोण आहे हे पाहून घ्यावे, कारण सातव्या इनिंगपर्यंत ज्यांना टाकू देतात असे पिचर आता मोजकेच आहेत. मीही यंदा तसेच करणार आहे. मार्चमध्ये एका महिन्याचे पैसे भरीन, यामामोटोची पाळी कोणत्या दिवशी येते ते वहीत टिपून ठेवीन आणि तेवढ्याच पहाटेचा गजर लावीन.